सुतळीएवढी नळी

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण ऐकून जो हसला नाही असा मराठी माणूस मला अजून भेटावयाचा आहे. पण हसून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. सबंध म्हणीत त्या जागेचे नाव म्हणून कोठे नाही. दुखणे सांगितले, वैद्य सांगितला, वैद्याचे नातेही सांगितले. जागा मात्र नुसतीच अवघड! या पानावर मी शब्दांच्या कुळकथा सांगत असतो हे नेहमीचे वाचक जाणतातच. यंदाच्या दिवाळीला विषय घेतला आहे तो पुरुषाच्या या अवघड जागेचा. ज्यांच्यापुढे फराळाचे ताट असेल त्यांनी हातातली चकली आधी संपवावी; पान मात्र उलटू नये. घरातल्या मुलांनी वाचले तर चालेल का, अशी शंका कोणाला येईल. मुलांनी तर वाचावेच. का, ते पुढे येईल.

या अवयवांसाठी आपल्या भाषेत शब्द नाहीत असे मुळीच नाही. शब्द दोन फडताळांत भरून ठेवले आहेत, एवढेच. एका फडताळात शिव्या आहेत. त्या शहापूरच्या एस.टी. स्थानकावर कोणत्याही वेळी फुकट ऐकावयास मिळतात. दुसऱ्यात संस्कृत आहे: वृषण, अधिवृषण, शुक्रवाहिनी, शुक्राशय, शिश्न. हे शब्द शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेले असतात, आणि तो धडा आला की पुष्कळ ठिकाणी गुरुजी ‘घरी वाचा’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळतात, असे माझे विद्यार्थीच सांगतात. मधले फडताळ रिकामे. गुडघा दुखला तर गुडघा म्हणता येते, कान फुटला तर कान म्हणता येते. पण इथे दुखले तर आईपुढे काय म्हणावे, बाईंपुढे काय म्हणावे, तरुण डॉक्टरीणबाईंपुढे काय म्हणावे? डॉक्टर विचारतात, ‘वृषणात वेदना आहेत का?’ किन्हवलीकडचा गृहस्थ म्हणतो, ‘नाही बा.’ वृषण आपल्याजवळ आहेत हेच त्याला ठाऊक नसते.

पूर्वीच्या लोकांची जीभ इतकी अडखळत नसावी. सुश्रुताने या जागेच्या सुजेचे, म्हणजे ‘वृद्धी’चे, सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतली ‘मूत्रज’ ती आपण आज अंडाला पाणी भरणे म्हणतो ती, आणि ‘अंत्रज’ तो आपला अंतर्गळ. ‘मुष्क’ हा वृषणाचा आणखी एक जुना शब्द. त्याचा मूळ अर्थ लहानसा उंदीर! हाच शब्द इराणात गेला, कस्तुरीमृगाच्या पिशवीला तिच्या आकारावरून लागला, आणि ‘मुश्क’ म्हणजे कस्तुरी असा सुवासिक होऊन बसला. ग्रीकांनी वृषणाला ‘ऑर्किस’ म्हटले आणि मुळाशी तसेच जोडकंद असलेल्या एका झाडालाही तेच नाव दिले. आज ऑर्किडचा गुच्छ व्यासपीठावर अध्यक्षांच्या हाती देतात तेव्हा कोणी लाजत नाही. शब्दाला अत्तर लागले की सगळे चालते. असो.

आता मुलांनी हे का वाचावे ते सांगतो. मी मराठी शिकवतो. माझे विद्यार्थी डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई अशा गावांहून आणि त्यांच्याही पलीकडच्या पाड्यांवरून येतात. काही वर्षांपूर्वी वसतिगृहात राहणारा अकरावीचा एक मुलगा रात्री दोनच्या सुमारास कळवळून जागा झाला. कळ होती डाव्या वृषणात. त्याने सोबत्यांना सांगितले, ‘पोटात दुखतंय.’ सोबत्यांनी भल्या मनाने ओवा-मीठ दिले. पहाटे उलट्या झाल्या. सकाळी दवाखान्यात नेले, तिथेही त्याने पोटच सांगितले, आणि पोटाच्या गोळ्या मिळाल्या. खरी गोष्ट त्याच्या तोंडून निघाली ती संध्याकाळी, सूज लपवता येईना तेव्हा. वृषण ज्या दोरावर लोंबतो त्या दोराला पीळ पडला होता. त्या दोरातूनच रक्तवाहिन्या जातात; पीळ पडला की रक्त थांबते. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया करून पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतो. उशीर होईल तशी आशा कमी होत जाते. बारा ते अठरा या वयातल्या मुलांना हे विशेषेकरून होते. या मुलाचे सोळा तास गेले होते. शहरातल्या मोठ्या इस्पितळात एक वृषण काढावा लागला, आणि दुसऱ्याला पीळ पडू नये म्हणून तो टाके घालून जागच्या जागी बसवला.

मुलाचा बाप शेतावरून तसाच आला होता. शस्त्रक्रिया झाल्यावर बाहेरच्या बाकावर तो माझ्याशेजारी बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “सर, पोर आता खच्ची झालं का वो?”

मी डॉक्टरांना बोलावून आणले. त्यांनी समजावले की एका वृषणावर सगळे काही व्यवस्थित चालते. दाढीमिशा येतील, लग्न होईल, मुलेबाळे होतील. बापाने ऐकून घेतले, पण चेहरा उजळला नाही. क्षणभराने त्याचे त्यालाच काही आठवले. “एका गोळीचा वळू असतो,” तो म्हणाला. “त्याच्यानंबी गाय फळते. मंग काय नाय.” आणि तो चहा प्यावयास उठला.

मला त्या दिवशी नवल वाटले ते याचे, की या माणसाला सगळे येत होते. फक्त ते बैलाच्या बाबतीत येत होते.

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाची जत्रा ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे पटेल. पौष पौर्णिमेला तिथे जत्रा भरते आणि तिचा बैलबाजार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक बैलाचे दात बघते, खांदा बघते, खुरे बघते, आणि शेपूट उचलून मागेही बघते. हा अंडील, हा खच्ची, हा अजून खोंड, अशी चर्चा बायकापोरांच्या देखत मोठ्याने चालते आणि कोणाच्या मनात वावगे येत नाही. ‘अंडील’ हा किती नेटका शब्द आहे! माणसासाठी असा एक शब्द आपण राखून ठेवला असता तर? ‘खच्ची’ हा मूळ अरबीतून फिरत आलेला. त्याची मौज अशी की बैलावरून तो राजकारणात शिरला, आणि आता वर्तमानपत्रांतून रोज कोणा ना कोणा कार्यकर्त्याचे खच्चीकरण होत असते.

पण बैलाला खच्ची करतात म्हणजे नेमके काय करतात? जुन्या काळी दगडावर किंवा लाकडावर धरून ठेचीत, म्हणून ‘बडवलेला बैल’. मग इटलीच्या बर्डिझो नावाच्या पशुवैद्याचा चिमटा आला. कातडी न फाडता तो वृषणाच्या वरचा दोर बाहेरूनच दाबून चिरडतो. दोरात नळी असते, रक्तवाहिन्या असतात. त्या सगळ्या चिरडल्या जातात. रक्त तुटले की वृषण सुकतो, आणि वृषणातून अंगात जो नररस पसरत असतो तो बंद होतो. बैल माजत नाही, गायीकडे बघत नाही, खाली मान घालून नांगर ओढतो. ‘मारक्या’चा ‘गरीब’ होतो.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून आता माणसाकडे या.

वृषण अंगाबाहेर पिशवीत का ठेवले आहेत, हा पहिला प्रश्न. कारण त्यांना गारवा लागतो. अंगाच्या उष्णतेपेक्षा दोन ते चार अंश कमी असेल तरच शुक्रजंतू नीट तयार होतात. म्हणून थंडीत पिशवी आक्रसून त्यांना अंगाशी ओढते आणि वैशाखात सैल सोडते. (हत्तीचे वृषण मात्र पोटातच असतात आणि त्याचे काही अडत नाही. निसर्गाला एकच नियम सर्वांना लावावयाची हौस नाही.) बाळ पोटात असताना वृषणही बाळाच्या पोटातच असतात, जन्माच्या सुमारास ते जांघेतल्या वाटेने खाली उतरतात. काही बाळांचा एखादा उतरतच नाही. आईने न्हाऊ घालताना हात फिरवून पाहावे, आणि सहा महिन्यांनंतरही पिशवीत दोन गोळ्या लागत नसतील तर डॉक्टरांना दाखवावे. ही वाट पुरती बुजली नाही तर पुढे तिथूनच आतडे खाली सरकते. अंतर्गळाचे पुष्कळसे कारण ते. आणि डावा वृषण उजव्यापेक्षा थोडा खाली लोंबतो हे बहुतेकांत असतेच. त्यासाठी रात्र रात्र काळजी करणारी मुले मी पाहिली आहेत.

प्रत्येक वृषणात केसासारख्या बारीक नळ्यांची गुंतवळ असते. सगळ्या उलगडून जोडल्या तर लांबी काहीशे मीटर भरेल. त्यांत शुक्रजंतू तयार होतात. एक जंतू घडावयास अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. आपल्याकडच्या हळव्या भातालाही याहून अधिक दिवस लागतात. मग ते अधिवृषणात येतात. वृषणाच्या पाठीशी चिकटलेली ही वेटोळी, उलगडली तर सुमारे सहा मीटर, म्हणजे सहावारी पातळाहून थोडी लांबच. तिच्यातून जाता जाता जंतू पोहावयास शिकतात. तिथून निघते ती शुक्रवाहिनी: सुतळीएवढी जाड, बोटांना टणक लागणारी, साधारण हातभर लांब. ती दोरातून वर चढते, जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालते आणि त्याच्या खालच्या ग्रंथीतून मूत्रमार्गाला मिळते.

या ग्रंथीला कोणी पुरःस्थ म्हणतो, कोणी अष्ठीला. अलीकडे ‘पौरुषग्रंथी’ म्हणण्याची टूम निघाली आहे, तिच्यासारखी खोटी टूम नाही. अक्रोडाएवढी ही गाठ. पौरुषाशी तिचा संबंध एवढाच की ती पुरुषाला असते. साठीनंतर निम्म्या पुरुषांत ती वाढलेली आढळते, मूत्रमार्गाला गळफास लावते आणि आजोबांना रात्रीतून पाच वेळा उठवते. ते बिचारे ‘पौरुषग्रंथी’ ऐकून मुलांपासून दुखणे लपवतात. त्यापेक्षा आपले ‘प्रोस्टेट’ बरे. ते आता मराठीच झाले आहे.

आणि एक हिशेब. वीर्य म्हणून जे बाहेर पडते त्यातला सुमारे दोनतृतीयांश भाग शुक्राशयांचा रस असतो, उरलेला बहुतेक प्रोस्टेटचा. वृषणाकडून सुतळीएवढ्या नळीतून येणारा ऐवज शंभरात पाच भागही नसतो. नररस तर त्या नळीतून येतच नाही. तो थेट रक्तात मिसळतो आणि रक्तावाटे अंगभर जातो.

आता पुरुषाची नसबंदी पाहा. तीत एवढी एकच नळी, दोन्ही बाजूंची, कापून बांधतात. रक्तवाहिन्यांना धक्का नाही, वृषणाला धक्का नाही, नररस जसाच्या तसा. वीर्यही डोळ्यांना पूर्वीइतकेच दिसते. फक्त त्यात जंतू नसतात. वृषणातले जंतू अंगातच जिरतात. नळीच्या पुढच्या भागात आधीचे जंतू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि मग तपासणी करून घ्यावी लागते. हे नीट न सांगितल्यामुळे पुष्कळ घरांतून नको ते संशय उठले आहेत. बर्डिझोचा चिमटा सगळा दोर मारतो. इथे दोरातली एक सुतळी बांधतात. दोन्हींत हे असे अंतर आहे. मग म्हशाच्या बाजारात बैल पारखणाऱ्या माणसाला ते कळू नये?

मला वाटते, घात शब्दाने केला. ‘नसबंदी’ हा शब्द सरकारने घेतला तेव्हा मराठीत ‘नस’ म्हणजे काय याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आपल्याकडे नस ठेचली की हात लुळा पडतो, नस आखडली की मान वळत नाही, दुसऱ्याची नस सापडली की तो आपल्या मुठीत येतो. नस म्हणजे बळाची जागा. ती बंद करावयाची म्हटल्यावर बाप्याला बडवलेला बैल आठवला नसता तरच नवल! शुक्रवाहिनी ही ना नस, ना शीर. ती नळी आहे. ‘नळी बांधणे’ म्हटले असते तरी भागले असते.

गंमत पुढेच आहे. चारचौघांत गोष्ट निघाली की हटकून ऐकू येते, “बाप्याचं ऑपरेशन केलं, मंग नांगर कोन धरील?” अहो, नांगराला जुंपलेला बैल खच्ची केलेलाच असतो! आयुष्यभर नांगर तोच ओढतो. म्हणजे उपमा जरी खरी धरली तरी भीती खोटीच ठरते.

मराठीत या विषयावर सरळ बोलणारा माणूस झालाच नाही असे नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. लोक पत्राने अवघड जागेची दुखणी विचारीत आणि ते छापून उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दंड व्हायचा तो झालाच. कर्व्यांचे गद्य रुक्ष आहे असे आमच्या क्षेत्रातले काही जण म्हणतात. असेल; पण ज्याला विचारावयाचे कुठे हेच ठाऊक नाही त्याला रुक्ष उत्तर गोड लागते.

पुढे १९५२ साली देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. १९६० नंतरच्या दशकात भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण आला. मुंबईत तर मोठ्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे निघाली. त्या काळी देशात होणाऱ्या शस्त्रक्रियांत बहुसंख्य पुरुषांच्याच असत, हे आज सांगून खरे वाटत नाही. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत साठ लाखांहून अधिक पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीचे विधेयकही १९७६ साली मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते तसेच राहिले. पण जे व्हायचे ते झाले होते. माणसाला धरून नेऊन शस्त्रक्रिया केली तर त्याला बैल आठवणारच. इथे शब्दाचा दोष नाही, सरकारचा आहे. १९७७ नंतर ‘कुटुंबनियोजना’चे ‘कुटुंबकल्याण’ झाले. नाव बदलले आणि काम बायकांच्या अंगावर गेले.

आकडे पाहा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर जोडप्यांत सदतीस बायकांची शस्त्रक्रिया झालेली होती आणि एका पुरुषाची. २०१९-२१ च्या पाहणीत बायका ३७.९ टक्के, पुरुष ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन! बाईची नळी पोटात खोल; तिच्यासाठी पोट उघडावे लागते. पुरुषाची कातडीखाली बोटाला लागते. १९७४ साली चीनमध्ये ली शुनचियांग या डॉक्टरांनी बिनटाक्याची पद्धत काढली आणि १९९० नंतरच्या दशकात ती आपल्याकडेही आली. जागा बधिर करून एक बारीक छिद्र, पाव-अर्ध्या तासाचे काम, दोन दिवस विश्रांती, आठवडाभर ओझे उचलणे नाही. तरी शिबिराच्या दिवशी जीपमधून उतरतात त्या बायकाच: कालपरवापर्यंत आवणीच्या चिखलात वाकलेल्या, अंगावर दूध पिणारे मूल, आणि सोबत सासू. नवरा बाहेर झाडाखाली बिडी ओढीत असतो. तो दुष्ट नसतो. “पुरुषाला कामं असतात,” असे सासूच सांगते.

माझा एक जुना विद्यार्थी टोकावड्याच्या बाजूला भातशेती करतो. त्याच्या बायकोचे दुसरे बाळंतपण फार जड गेले, रक्त कमी, पुन्हा पोट उघडणे धोक्याचे, असे डॉक्टरांनी बजावले. त्याने चार दिवस विचार केला, एकट्यानेच जाऊन बिनटाक्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि गावात सांगितले, ‘अंतर्गळ काढला.’ अंतर्गळ आमच्याकडे प्रतिष्ठित आहे. त्यासाठी माणसे समाचाराला येतात, केळी आणतात. त्याच्याकडेही आली. त्याचे चुलते अनुभवी. त्यांचा स्वतःचा अंतर्गळ काढलेला. त्यांनी खाटेशी बसून जांघेतला टाका दाखव म्हणून धरणेच धरले. हा आता पुरता अडचणीत. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, “मामंजी, आता नवीन निघालंय, टाका दिसतच नाय.”

चुलते कप हातात घेऊन म्हणाले, “बरं निघालंय. आमच्या टायमाला नव्हतं.”